मालनची अडकलेली मेल

७ फेब्रुवारी १९९९, रविवार

ठाण्यात खोपटला एस्टीतून उतरले तर जावई न्यायला आलेले नाहीत. सासूला हमाल समजतात की काय! दोन गाठोडी आणि सुक्या मासळीचा डबा घेऊन मीच विचारत विचारत आले. असो. घर बाकी झकास. तिसरा माळा, वारा भरपूर, नात सरोज गळ्यातच पडली. माझी मालन कपडे वाळत घालताना याच गॅलरीतून पडली, त्याला तीन महिने झाले. आता पोरीचं मीच बघायचं. जावयांनी, सहदेवरावांनी, घरी कॉम्प्युटर घेतलाय. फोनच्या तारेतून त्यात पत्रं उतरतात. मेल म्हणतात त्याला.

१० फेब्रुवारी

मेल उतरता उतरता अडकते. रोज त्याच एका पत्रापाशी. वागळे इस्टेटीतून चंदू मेकॅनिक आला. म्हणाला, आजी, व्हायरस अडवणारा प्रोग्राम म्हणजे दारावरचा वॉचमन, प्रत्येक पत्र तपासतो; या एकाला ना आत सोडतो, ना हाकलतो. त्याला जरा बंद करा, मेल उतरली की परत चालू. पडद्याच्या कोपऱ्यातल्या ढालीच्या चित्रावर टिचकी मारायची, झालं. मग पाठवणाऱ्याचं नाव बघून चंदू पिशवी उचलून निघाला. सरोजने वाचलं. मालन.

सहदेवराव ओरडले, बंद करायचा नाही! कुणाचा तरी चावटपणा आहे म्हणे. चावटपणाला एवढा घाम?

११ फेब्रुवारी

मालनच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नव्हता. जावयांनी दर्भाचा कावळा करून उरकलं. तेव्हा मी गप्प बसले. आता नाही.

१३ फेब्रुवारी

जावई ऑफिसात. टिचकी मारली. उतरली. इंग्रजी अक्षरांत मराठी. सरोजने वाचून दाखवली, एकच ओळ. अहो, गॅलरीत या.

मग आणखी एक. आणखी एक. तीच ओळ. फोनची तार उपटली तरी उतरतायत —

१४ फेब्रुवारी, दुपार

सरोजला शेजारी गोदाकडे धाडली. सहदेव पाया पडला. ढकललं नाही म्हणतो, भांडणात हात लागला. प्रोग्राम चालू करा म्हणतो. नाही करणार.

गॅलरीचं दार आपसूक उघडलं. आम्ही दोघंही इथेच —

ओलं कापड झटकल्याचा आवाज. आणि मालनच्या गळ्यातून — अहो —

मेलेल्याच्या हाकेला जो ओ देतो, त्याला ते घेऊन जातं. तरी मलाच ओ द्यावीशी वाटते. आई ना मी. तोंडात पदर कोंबलाय.

जावई म्हणून अहो-जाहो केलं, ते संपलं. ऊठ, सहदेव. हाक तुला आहे. मी ओ देणार नाही, पोरही ओ देणार नाही. तूच दे, उभा राहून, मोठ्यानं — तूच —