घडीचे पंख

२ मार्च
एकदाचं घोडं गंगेत न्हालं. नोकरी लागली, राहायला कारखान्याच्या वरचीच खोली मिळाली. मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरायचं काम म्हटल्यावर आत्याने नाक मुरडलं होतं. मुरडू दे. कारखान्याचे मालक, मास्तर, शांत माणूस. त्यांची बायको, म्हणजे काकू, दिवसभर शाल पांघरून कोपऱ्यात बसते आणि मास्तर तिला स्वतःच्या हाताने भरवतात. असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही.

५ मार्च
आज घडीचे पंख शिकले. पसरलेला पंख कुणालाही जमतो, मास्तर म्हणतात, मिटलेल्या पंखात कारागीर कळतो. कातडी ओलसर असतानाच पंख कोपरात दुमडायचा, अंगाशी दाबायचा, खांद्याची पिसं त्याच्या कडेवर ओढून घ्यायची, मग टाचणी थेट आतल्या पेंढ्यात. वरून कागदाच्या पट्ट्या आणि दोरा. पुरता वाळला की सगळं काढून टाकायचं. पंख जन्मात हलत नाही.

मी बोलताना हातवारे फार करते, असंही म्हणाले. आईही तेच म्हणते. मी हसून घेतलं.

९ मार्च
घोडचूक झाली. घुबडाचे दोरे आजच कापले. वरून वाळल्यासारखं वाटलं, पण काखेत ओल होती. दुपारपर्यंत दोन्ही पंख असे लोंबले की घुबड खांदे उडवतंय असं वाटावं. मला हसू फुटलं, तेच नडलं. मास्तर ओरडले नाहीत. चूक उतावळ्या हातांची आहे, म्हणाले. नोकरी टिकवायची असेल तर डावा हात काही दिवस बांधून घे, स्वस्थ बसायला शिकेल. घरी कोणत्या तोंडाने परत जाऊ? आत्या टपलेलीच आहे. मी हो म्हटलं.

त्यांनी आधी कसलंसं गार औषध चोळलं, मग हात कोपरात दुमडून पट्ट्या गुंडाळल्या. काकू टक लावून बघत होती.

१२ मार्च
काखेत टोचतंय. पट्टीखाली बोटं घालून चाचपलं. टाचण्यांची डोकी. औषधाने हात बधिर होता, टोचल्या तेव्हा कळलंच नाही. मास्तरांना जाब विचारला. वाळत आलाय, आता हात लावू नकोस, म्हणाले. बाहेरच्या दाराला कुलूप आहे.

१४ मार्च
आज मास्तरांनी दोरे काढले. टाचण्याही. हात तसाच — दुमडलेला. टेबलाच्या कडेला अडकवून ओढला. काखेतली कातडी कागदासारखी वाजली. हलत नाही.

मास्तर मागे सरून, डोळे बारीक करून बघत होते. खूश होते. मला भीती वाटते. फार भीती वाटते.

१५ मार्च
मास्तर मागच्या अंगणात होते. मी काकूच्या पायाशी बसून रडले, किल्ली कुठे आहे विचारलं. तिची शाल ओढली गेली. दोरा नाही, टाचणी नाही — दोन्ही हात अंगाशी. नीटस घडी.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, सांगेल.

तिने हाक मारली, "अहो, ही निघाली बघा. मला सोबत नको का?"

१६ मार्च
खुर्चीला बांधलंय. उजव्या हाताला औषध लावून झालं. गार पडतोय. चालता हात ते बांधत नाहीत — वाकडा वाळतो म्हणे. थांबला की बांधणार. दोरा घेऊन शेजारी उभे आहेत.

"घाई नाही," म्हणाले. "वाक्य पुरं कर."

मग पुरं करायचंच नाही — आई, मी लिहितेय, हात चालू आहे, आणि पेन घसरतंय पण धरलंय, आणि बोटं जाणवत नाहीत तरी, आणि ते वाकून बघतायत, आणि आई, अजून आहे, खूप सांगायचं आहे, आणि मी, आणि