बाबांच्या मागच्या अंगणातली दरी

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग. (मागच्या पत्रात ‘उत्तम’ लिहिलंस आणि त्याच आठवड्यात फोनवर जिना चढताना तुझं ‘आई गं’ ऐकू आलं. तेव्हापासून तुझ्या ‘उत्तम’वर माझा विश्वास उरलेला नाही.) भाऊजींचा खोकला गेला का, की खोकताना ते दुसऱ्या खोलीत जातात म्हणून तुला गेल्यासारखा वाटतो? माझं बरं चाललंय. फक्त डोळे दुखतात आणि सगळ्यांचा संशय येतो. डॉक्टरांनी डोळ्यांत घालायला थेंब दिले. संशयावर त्यांच्याकडे काही नव्हतं.

पत्राला कारण काही नाही, सहज लिहितेय. फार दिवसांत तुझ्याशी निवांत बोलणं झालं नाही, एवढंच.

आमच्या नकाशाच्या ऑफिसात सध्या बाबांच्या वसाहतीचं काम आलं आहे. पावसाचं पाणी वाहून न्यायला तिथे नवा नाला खणायचाय, आणि तो कुठून काढायचा हे ठरवण्यासाठी तिथल्या जमिनीचा चढउतार संगणकावर उभा करायचाय. ते माझं काम. मी दिवसभर नकाशात रंग भरते असं तू लोकांना सांगतेस, म्हणून एकदा नीट समजावते. मोजणीवाला काठी घेऊन हिंडतो आणि ठिकठिकाणची उंची मोजतो. जमिनीचा प्रत्येक इंच काही कुणी मोजू शकत नाही, त्यामुळे मोजलेल्या जागांच्या मधली जमीन सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. जवळच्या जागेचं जास्त ऐकायचं, लांबच्या जागेचं कमी, असा त्याचा नियम. (आपल्या घरात बरोबर उलटं होतं. सोबत राहणाऱ्या आईचं कुणी ऐकत नसे आणि वर्षातून एकदा येणाऱ्या आत्याच्या सांगण्यावरून पलंगांच्या दिशा बदलत.)

तर मी सगळे आकडे घातले, बटण दाबलं आणि बाबांचं घर दरीत गेलं. अतिशयोक्ती नाही करत. सगळी गल्ली परातीसारखी खोलगट झालेली आणि परातीच्या मधोमध बाबांचं मागचं अंगण. पाणी कसं वाहील ते दाखवणाऱ्या निळ्या रेघा चारी बाजूंनी बाबांच्या मागच्या दाराशी येऊन थांबल्या होत्या, पंगतीला बोलावल्यासारख्या.

आपण त्या गल्लीत लहानाच्या मोठ्या झालो. तिथे चेंडूसुद्धा कधी आपणहून घरंगळला नाही. म्हणून पहिला संशय सॉफ्टवेअरचा घेतला. काही उंच्या फुटांत आणि काही मीटरमध्ये तर आल्या नाहीत ना, ते पाहिलं. नव्हत्या. एकच जागा दोनदा मोजली गेली का ते तपासलं. नव्हती. शेजारच्या किती जागांचं ऐकायचं तो आकडा वाढवला, तर परात उथळ झाली पण अख्ख्या वसाहतीत पसरली. शेवटी जमीन गुळगुळीत करून देणारी दुसरी पद्धत लावली. तिने दरी ठेवलीच, वर पलीकडच्या गल्लीत एक टेकडी उभी केली. (खड्ड्यात उतरल्यावर जोर घेऊन पलीकडे उसळी मारायची त्या पद्धतीला खोड आहे. भाऊजींचं स्कूटरवर असंच व्हायचं.)

इतक्यात आमचे साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. त्यांच्या चपलांचा आवाज येत नाही, हेही मला पहिल्यापासून संशयास्पद वाटत आलंय. म्हणाले, “पाणी इथे जमतंय ना? मग नाला इथूनच.” इथूनच म्हणजे बाबांच्या स्वयंपाकघरातून. मी रेघ ताणून पाहिली, ताई. आईच्या ओट्यावरून जात होती, जिथे ती आपल्याला बसवून वेण्या घालायची तिथून.

मी सांगितलं, यातली एक उंची चुकीची असणार, ती काढून टाकते. साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, “घर तुमच्या वडिलांचंच ना?” माझ्या हातात पिशवी असती तर त्यांनी ती नक्की उघडून पाहिली असती. नुसती विचित्र दिसते म्हणून उंची पुसायची नाही, ती चूक आहे असं दाखवून द्यायचं, असा आमच्याकडे नियम आहे, आणि चांगला नियम आहे. पण त्या ठिपक्यावर माझं बोट शिवशिवत होतं हे तुला सांगायला हरकत नाही. घर दुसऱ्या कुणाचं असतं तर मी चहा पिऊन पुढच्या गल्लीला लागले असते. मग मला माझाच संशय येऊ लागला, आणि ती जागा फार अवघड असते. तिथे बसायला कुणी सोबत येत नाही.

म्हणून मोजणीवाल्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, उंची बरोबर आहे. काकांकडे खड्डा आहे. काका म्हणाले, आलाच आहात तर हाही मोजा.”

आता तुला बाबा माहीत आहेत. मोजपट्टी घेऊन घरात आलेला माणूस काही ना काही मोजून दिल्याशिवाय बाहेर पडत नाही. पडदे शिवणाऱ्याकडून त्यांनी स्वतःची उंची मोजून घेतली होती, म्हातारपणी कमी झाली का बघायला. तसाच हा खड्डा. काठीसुद्धा काकांनीच धरली म्हणे, खड्ड्यात उतरून. गल्लीतल्या बाकीच्या घरांना कुलपं होती, त्यामुळे तिथे तेवढं एकच माप मिळालं. आणि सॉफ्टवेअरने त्या एका खड्ड्यावरून सगळी गल्ली ओळखली.

पण खड्डा कसला? मी रविवारी बाबांना विचारलं. म्हणाले, कुत्र्याने उकरला असेल. मोजणीवाल्याला पुन्हा विचारलं, तर तो म्हणाला, चौकोनी आहे, कंबरभर खोल, आणि उतरायला दोन पायऱ्या आहेत. ताई, कुत्र्याला पायऱ्या कशाला लागतात?

मग मात्र माझं डोकं चालूच राहिलं. तू म्हणतेस त्यांना कमरेमुळे वाकता येत नाही. मग खणतं कोण? की कमरेचं खोटं? की मला बरं वाटावं म्हणून तुम्ही दोघं मिळून काहीतरी सांगता? मला काय माहीत असतं, तर रविवारचा फोन. “जेवलात का?” “जेवलो.” “औषध?” “घेतलं.” “बाकी?” “सगळं ठीक.” या रविवारपासून त्या रविवारपर्यंतचे बाबा मी अंदाजाने भरते. बहुतेक वेळा मी त्यांना अंधारात एकटे बसवते. दिवाही लावू देत नाही.

असो. तुझ्या डोक्याला ताप नको. काळजी घे, गुडघ्याला शेक दे, भाऊजींना वाफ घ्यायला लाव.

तुझी,
धाकटी

ता. क. काम काही नाही म्हटलं, पण एक आहे. मोजणीवाला गुरुवारी पुन्हा येणार आहे. या वेळी तो फाटकाजवळ, पेरूखाली आणि मागच्या दाराशी मोजेल. साहेबांनी एवढं कबूल केलंय. सगळ्या मापांत खड्डा एकटा पडला की दरी बुजेल आणि आईचा ओटा वाचेल. तू सकाळपासून तिथे थांब आणि बाबांना काठीला हात लावू देऊ नकोस. वाटल्यास त्याला आधी बाबांची उंची मोजायला सांग.

ता. क. दुसरं. वसाहतीचा वरून काढलेला फोटोही आमच्याकडे असतो, हे तू विसरलीस. खड्ड्याच्या काठाला दोन खुर्च्या दिसतात. एक बाबांची. दुसरी हिरवी, एक हात मोडलेली. ती मी कॉलेजात असताना मोडली, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. तू म्हणाली होतीस, ती देऊन टाकली. कुणाला, ते विचारायचं माझ्याकडून राहिलं.

ता. क. तिसरं. मोजणीवाल्याला मी शेवटी सरळच विचारलं. खणतात शेजारच्या रिटायर झालेल्या नर्सबाई. बाबा खुर्चीत बसून सूचना देतात आणि त्या त्यातली एकही ऐकत नाहीत. तळं करताहेत म्हणे. आई गेल्यापासून संध्याकाळी घर फार गप्प असतं, बेडूक तरी ओरडतील, असं काका म्हणाले. हे त्यांनी मोजणीवाल्याला सांगितलं, ताई. मला “सगळं ठीक” सांगितलं.

ता. क. शेवटचं. बाबा, ताईचं टपाल अजून तुमच्याच पत्त्यावर येतं, आधी तुमच्याच हातात पडतं आणि तुम्ही ते चुकून उघडता, हे मला लहानपणापासून माहीत आहे. नर्सबाईंना माझा नमस्कार सांगा. खड्ड्यात उतरताना कमरेला पट्टा बांधत जा. आणि पुढच्या रविवारी मी फोन करणार नाही, गाडीने येतेय. येताना माझी खुर्ची मी घेऊन येईन.