अप्पांचे दोन स्पीकर

घाटनांदूर, ९ फेब्रुवारी २०२४

ति. रोहिणीअक्कास,
शरणार्थ. शि. सा. न. वि. वि.

अप्पा गेल्यापासून फोनवर माझ्याच्यानं बोलणं होत नाही, म्हणून लिहितो. त्यांचे दोन जुने लाकडी स्पीकर गळतीत भिजले. समोरच्या फळ्या फुगल्या, कापड कुजलं. तीस वर्षं मठाच्या शिवनाम सप्ताहाला हेच लागत आले. यंदा कमिटीचे बंकटराव म्हणाले, "वाजवणारा गेला, आता डब्यांनाबी सोडा. डीजे सांगतो." मी पंचवीस तारखेपर्यंत मुदत मागून घेतली.

फळ्यांत भुसा-डिंक भरला, घासून पॉलिश केलं, वर चांगली जाड मखमल ताणली. दिसतात छान. पण लावून पाहिलं तर गोधडीत तोंड घालून भजन म्हटल्यासारखं येतंय. काय चुकलं?

तुझं लक्ष असू दे.
योगीराज

बीड, १४ फेब्रुवारी

चि. योगीराजास अनेक आशीर्वाद.

मखमल? स्पीकरचं लग्न लावतोस का? अरे, अप्पा दुकानात कापड तोंडाला लावून फुंकर मारायचे. पलीकडं धरलेल्या हाताला वारा लागला तरच घ्यायचे. मला लई लाज वाटायची, मी पायरीवरच थांबायचे. आता वाटतं, शेजारी उभी राहिले असते तर बरं झालं असतं. तू जा. लाजू नको.

आईला जेवायला घालूनच स्वतः जेव. माझ्या मायेत काही कमी नाही.
तुझी अक्का

घाटनांदूर, २ मार्च

ति. अक्कास,
शरणार्थ. शि. सा. न. वि. वि.

सुंदररावांच्या दुकानात सहा कापडांना फुंकर मारली. सातव्याला वारा हाताशी आला. सुंदरराव केव्हाचे बघत होते. म्हणाले, "पंचाक्षरी अप्पाचा का रं तू?" मी हो म्हणून ते कापड घेतलं, घरी येऊन मखमलीच्या जागी ताणलं.

पंचवीसला चाचणी झाली. बंकटराव मुद्दाम मंडपाच्या शेवटच्या खांबाशी जाऊन उभे राहिले. परत आले ते अक्षर न् अक्षर कळतंय म्हणत, आणि माझ्यासमोरच त्यांनी डीजेवाल्याला नको म्हणून कळवलं.

काल सप्ताह बसला. अप्पा गेल्यावर आई काल पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पडली. स्पीकरसमोर तासभर डोळे मिटून बसली. मग मला खुणेनं बोलावलं. मला वाटलं, घरी ने म्हणते. तर म्हणाली, "डावा बारीक हाय. वाढीव."

वाढवला, अक्का. पार रेल्वे स्टेशनापर्यंत ऐकू जातंय.

सहा दिवस राहिलेत, ये. वाट पाहणारा,
योगीराज