डावीकडचा दांडा

मी, नवल झुलाल पाटील, वय अठ्ठावन्न, राहणार पिंप्राळा, जळगाव, शुद्धीवर असून रागातही आहे. पण राग जुना आहे, डोकं ठिकाणावर आहे आणि मागे उभं राहून कोणी सांगत नाही. माझ्यामागे काय कोणाचं, ते मीच ठरवतो.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझी मुलगी दिपमाला हिची. भाऊबंदांनी 'पोरीला कशाला' म्हणत दारात येऊ नये. आलेच तर तिने चहासुद्धा विचारू नये.

२. सोल्डरिंग गन, पाने, पेचकस मशीनं दुरुस्त करणाऱ्या युसूफभाईंना. माझं व्हिडिओ गेम पार्लर चाललं ते त्यांच्या हातामुळे.

३. पार्लर मोडल्यावर एकच मशीन मी घरी आणलं, राक्षस कापायच्या खेळाचं. दोघांनी शेजारी उभं राहून खेळायचं. जॉयस्टिकचा डावा दांडा माझा, उजवा धाकटा भाऊ हितेंद्र याचा. मुंडकी उडवत, ड्रॅगनचं पोट फाडत, रक्तातून चालत आम्ही सिंहासनापर्यंत जायचो. वाटेत मटणाची तंगडी सापडली की ज्याचा जीव कमी, त्याने खायची. शेवटी मशीन सांगतं, राजा एकच, आता एकमेकांना मारा. तिथे आमचा नेम होता: दोघांनी हात काढायचे, वेळ संपू द्यायची. राज्य गेलं तरी चालेल, पण दोघे उभे राहायचे.

एकदा पार्लर गच्च भरलेलं असताना मी हात काढले, त्याने काढले नाहीत. माझं मुंडकं पायऱ्यांवरून गडगडत खाली आलं. पोरं हसली. "राजा एकच राहस, भाऊ!" हितेंद्र म्हणाला. मी लोखंडी स्टूल त्याच्या तोंडावर घातलं, पुढचे दात पडले. त्याने शटरची सळई उचलली आणि मशीनवर टेकलेला माझा उजवा हात ठेचला. काचेवर कोणाचं रक्त किती, कळेना. तेव्हापासून माझी बोटं वळत नाहीत, बटण दाबून वार करता येत नाही. तो धुळ्याला गेला आणि घरच्या टीव्हीवर खेळायचे गेम विकू लागला.

४. तसला एक संच दिपमालाने त्याच्याच दुकानातून आणला, तो तिच्याकडेच राहावा. खेळ तोच, पण शेवटची मारामारी गाळलेली. दोघे एकाच सिंहासनावर बसतात. बघून मी कॅसेट उपटून भिंतीवर आपटली. इतक्या स्वस्तात सुटका नसते. तरी खरं ते लिहितो: मला हितेंद्रची फार आठवण येते.

५. म्हणून मशीनचं असं. माझ्या दहाव्याला, घाटावर जाण्याआधी, हितेंद्रला मशीनसमोर उभं करावं. दिपमालाने डावा दांडा धरून सिंहासनापर्यंत जावं, मग हात काढून बाजूला व्हावं. मी नुसता उभा असेन. त्याने मला मारलं, तर मशीन कुऱ्हाडीने फोडून त्याच्यादेखत जाळावं आणि ते स्टूल त्याला द्यावं. हात काढले, तर मशीन त्याचं.

मग घाटावर घास ठेवावा. मारलं असेल तर कावळा शिवणार नाही. दर्भाचा कावळा करून मला फसवू नये, सगळ्यांनी उन्हात बसावं. हात काढले असतील, तर मी लगेच येतो.

वाचून घेतलं, पटलं, सही डाव्या हाताने केली.
नवल झुलाल पाटील

आमच्यादेखत सही झाली:
१. कुंदाबाई सोनवणे, शेजारीण
२. प्रेमराज महाजन, किराणा दुकानदार

पिंप्राळा, जळगाव
९ नोव्हेंबर २०२५