सरसेनापती मेंढीच्या कमरेपर्यंत

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझा खोकला गेला असेल, झोप लागत असेल आणि खिडकीतल्या कुंड्यांना तू न विसरता पाणी घालत असशील, असं धरून चालते. (शाळेत मदर पत्रलेखनाच्या तासाला सांगायच्या, की आधी प्रकृती, मग हवा, मग घरची मंडळी आणि अगदी शेवटी काम. मी अजून तसंच लिहिते. तू मात्र पत्राच्या पहिल्याच ओळीत 'ताई, तू यांना काय केलंस?' असं विचारून मोकळी झालीस. मदरनी पाहिलं असतं तर तास संपेपर्यंत बाकावर उभं केलं असतं.) इकडे हवा चांगली आहे. माझी प्रकृती उत्तम. मागे दाढ दुखत होती, ती आता दुखत नाही, कारण ती आता नाहीच.

तर तुझा प्रश्न. भावोजी आमच्या बैठकीहून घरी आल्यापासून गप्प आहेत, जेवताना ताटाकडे बघत बसतात, काय झालं विचारलं की 'काही नाही' म्हणतात, आणि याचं खापर तू माझ्या डोक्यावर फोडलं आहेस. मी छातीठोकपणे सांगते, मी त्यांना काहीही केलेलं नाही. जे केलं ते मेंढीने केलं. हे फोनवरच सांगितलं असतं, पण तुमच्याकडे फोन तेच उचलतात.

मुळापासून सांगते. यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे, पण मधूनच सुरू केलं की माझंच सूत हरवतं. भावोजींची कंपनी घणसेना नावाची लोखंडी खेळणी करते. हातपाय मुडपले की त्यांचा रोडरोलर किंवा क्रेन होते, उलगडले की पुन्हा योद्धा. त्यांचा म्होरक्या सरसेनापती घणाघात. त्याच्या अब्रूची राखण करणं हे भावोजींचं काम. कंपासपेटीवर असो की पाण्याच्या बाटलीवर, घणाघाताचं चित्र त्यांच्या सहीशिवाय कुठेही छापलं जात नाही. (तुमच्या लग्नात मी आईला म्हटलं होतं, की नवरामुलगा एका बाहुल्याची चाकरी करतो. आई म्हणाली, माणसांची करण्यापेक्षा बरं.) दुसरी कंपनी लोकरवाडीवाल्यांची. विणलेले, गुबगुबीत प्राणी. त्यांची मुख्य गुबीमावशी, म्हणजे एक मेंढी, जी जगातलं कुठलंही भांडण गरम सूप पाजून मिटवते. दोन्ही मालकांची कुठेतरी गाठ पडली आणि त्यांनी ठरवलं, की या दोघांना एकाच चित्रकथेत आणायचं, म्हणजे लोखंडवाली मुलं लोकर घेतील आणि लोकरवाली लोखंड. याला धंद्यात क्रॉसओव्हर म्हणतात. मी सोयरीक म्हणते.

हे काम आमच्याकडे आलं. आमचं ऑफिस म्हणजे सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालून दिवसभर टायरच्या रबराचा वास येतो, आणि कुणी ट्यूब फुगवली की आमच्या टेबलावरचे ब्रश हलतात. मी गोष्ट लिहिते आणि काकडी चित्रं काढतो. (बारीक आहे म्हणून काकडी. खरं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू येतं.) हल्ली मुलं चित्रकथा फार वाचत नाहीत. हे पुस्तक खपलं तर पुढचं कामही मिळणार. नाही तर खालचा सायकलवाला आमच्या खोल्यांवर डोळा ठेवून आहेच. आणि पुस्तक छापायला जायला भावोजींची सही हवी. ते या महिनाअखेर निवृत्त होतायत, म्हणजे घणाघातासाठी त्यांनी करायची ही शेवटची सही. इतकी वर्षं ज्याला जपलं त्याला कुणाच्या तरी हाती सोपवून जायचं, तर ते डोळ्यांत तेल घालून बघणारच. त्यात मला काही वावगं वाटत नाही.

सोयरीक म्हटली की अटी आल्या. घणाघात कधी हरत नाही, कधी पाठ दाखवत नाही, कधी मदत मागत नाही आणि कधी खाली बसत नाही. शेवटची अट मला समजेना. भावोजींनी खिशातून घणाघात काढून दाखवला. त्याचे गुडघे वाकतच नाहीत. मुडपायचं ते कमरेत, गुडघ्यात नाही. जे खेळण्याला जमत नाही ते चित्रात केलं तर मुलं फसवणूक झाली म्हणतात आणि तशी पत्रं येतात. लोकरवाडीवाल्यांकडून बैठकीला येणाऱ्या बाईंच्याही अटी होत्या. त्या इतक्या हळू बोलतात की समोरच्याला पुढे वाकावं लागतं, आणि वाकलं की माणूस आपोआप हो म्हणतो. गुबीमावशी चिडत नाही, कुणाला लागेल असं करत नाही आणि भिजत नाही, कारण लोकर भिजली की आटते. बरं, अशा कथेत दोन नायक भेटले की आधी गैरसमजातून भांडतात आणि मग मिळून तिसऱ्या शत्रूला हरवतात, हा या धंद्यातला नियम. शत्रू उसना द्यायला दोन्ही कंपन्या तयार नव्हत्या. त्यांचे दुष्टही दुकानात विकायला असतात, ते हरून कसं चालेल?

पण मी काही हार मानणारी नव्हे. मी माझा शत्रू आणला. ओल. लोखंडाला गंज चढवते, लोकर कुजवते, कुणाच्या मालकीची नाही आणि विकायला ठेवली तरी कुणी घेणार नाही. गोष्ट अशी, की खेळणारं मूल मोठं होतं, दोघंही एकाच खोक्यात पलंगाखाली जातात, आणि भिंतीतून ओल येऊ लागते. (आपली खेळणी आईने अशीच पलंगाखाली ठेवली होती. तुझं डोकं नसलेलं अस्वल मी अजून जपून ठेवलंय, हे तुला कधी सांगितलं नव्हतं.) घणाघात ओलीशी एकटा लढायला निघतो, पाय घसरून पडतो, आणि गुडघे वाकत नसल्यामुळे त्याला उठता येत नाही. मग गुबीमावशी त्याला मांडीवर घेते आणि रात्रभर आपल्या लोकरीने त्याच्या अंगावरचं पाणी टिपते. मला स्वतःला ही गोष्ट अतिशय आवडली. लिहिताना दोनदा चष्मा पुसावा लागला.

आता घोटाळा कुठे झाला ते ऐक. काकडी डोळ्यांसमोर नसलेली वस्तू काढतच नाही. शेगडी काढायची तर त्याच्या टेबलावर शेगडी असते. घोड्याच्या गोष्टीच्या वेळी काय काय झालं ते वेगळं लिहीन. त्याने दोन्ही खेळणी टेबलावर शेजारी शेजारी उभी केली आणि दिसलं तसं काढलं. लोखंडी खेळणं खिशात मावावं म्हणून वीतभर. मेंढी कवेत घ्यायची म्हणून हातभर. तेव्हा पहिल्याच पानावर मी मोठ्या थाटात लिहिलं होतं, 'दोघे समोरासमोर उभे ठाकले', आणि चित्रात सरसेनापतीचं शिरस्त्राण मेंढीच्या जेमतेम कमरेला लागत होतं. मी पानं न तपासता बैठकीत ठेवली. (तपासली असती तरी बदलली नसती, मला ते गोड वाटलं.)

भावोजींनी पान पाहिलं आणि चष्मा काढला. "ताई, हा डोंगराएवढा आहे," ते म्हणाले. काकडी म्हणाला, "साहेब, खेळणं तुमच्याच कारखान्यातलं आहे, मोजून घ्या." बाई हळूच म्हणाल्या, की आमची काही हरकत नाही, आमच्या मावशीची उंची अगदी बरोबर आली आहे. पुढच्या पानावर घणाघात मेंढीच्या पोटात ठोसा मारतो. लोखंडाचा ठोसा लोकरीत गेल्यावर जो आवाज होईल तोच मी लिहिला होता: 'भुस्'. भावोजी म्हणाले, घणाघाताच्या हातून आजवर 'धडाम'पेक्षा खालचा आवाज निघालेला नाही. बाई म्हणाल्या, आमच्या मावशीच्या पोटातून 'धडाम' कसं निघेल, तिच्यात कापूस आहे. अर्धी बैठक 'भुस्'वर गेली. खाली सायकलवाल्याने नेमकी एका ट्यूबची हवा सोडली, आणि सगळे त्या आवाजाकडे कान लावून बसले. मी म्हटलं, हाच तो. भावोजी हसले नाहीत. बाईंनी हसू दाबलं.

मग मांडीवर घेतल्याचं पान आलं. बाईंची तक्रार, की मावशी भिजतेय. ती मी तिथल्या तिथे मिटवली. भिजत नाही, टिपतेय, टॉवेलला कुणी भिजला म्हणत नाही. त्या वाकल्या, मी त्यांच्याहून हळू बोलले, त्यांनी हो म्हटलं. (ही कला मदरचीच.) भावोजी मात्र त्या पानाकडे बघतच राहिले. काकडीने ते सुरेख काढलं होतं. खरी मापं असल्यामुळे तो तिच्या मांडीत बरोबर मावला होता, थोडंही कमीजास्त नाही. ते म्हणाले, "हा पडत नाही. आणि याला कुणी मांडीवर घेत नाही." उठले आणि बाहेर गेले. उठताना त्यांनी टेबलाच्या कडेला हात टेकवला, तेवढं माझ्या नजरेत आलं.

सगळे चहाला गेले. थोड्या वेळाने मी खिडकी लावायला खोलीत आले, तर भावोजी परत येऊन टेबलाशी उभे. त्यांनी घणाघाताला मेंढीच्या मांडीवर ठेवलं होतं आणि तिचे दोन्ही हात त्याच्याभोवती ओढून बघत होते. मला पाहून म्हणाले, "हात पुरतात का ते तपासत होतो. नाहीतर मुलांची पत्रं येतील." मी विचारलं, "पुरतात?" ते म्हणाले, "पुरतात." मग आम्ही थोडं इकडचंतिकडचं बोललो, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सही न करताच पानं बगलेत मारून ते घरी गेले, आणि तेव्हापासून गप्प आहेत म्हणतेस.

तेव्हा दोष कुणाचा ते तूच ठरव. मी गोष्टीतला एक शब्दही बदलणार नाही. त्यांना मनवायला जाऊ नकोस, माझी बाजू तर मुळीच घेऊ नकोस. सही येईल. मी माणसं ओळखते आणि त्यांना तर तुझ्याआधी ओळखलं होतं, तुला बघायला आले तेव्हा दार मीच उघडलं होतं. अंगावर गरम घाल, खोकल्याकडे दुर्लक्ष करू नकोस.

तुझ्यावर रागावलेली नाही, असं समजून वाच.

तुझी,
ताई

ता. क. इकडचंतिकडचं बोललो असं वर लिहिलं आहे, ते तसंच सोडणार होते, पण पाकीट चिकटवताना हात अडखळला. भावोजी गेल्या महिन्यात त्यांच्या गोदामात पडले. खोक्यांच्या दोन रांगांमधे, आसपास कुणी नाही. दोन्ही गुडघे वाकेनात, त्यामुळे उठता येईना, आणि हाक मारायची लाज वाटली. पुष्कळ वेळ तसेच घणाघाताच्या खोक्यांना पाठ लावून बसून राहिले. शेवटी पहारेकरी आला आणि त्याने काखेत हात घालून लहान मुलासारखं उचललं. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, मेंढीचा हात नीट करत होते. "ताई, तुम्ही लिहिलंय तसंच होतं ते, आणि ते मला छापायचं नाही," म्हणाले. तुला सांगणार नाही, असं माझ्याकडून कबूल करून घेतलंय, तेव्हा तुला हे माहीत नाही. पण त्यांना हाडांच्या डॉक्टरकडे ने. स्वतःचा गुडघा दुखतो म्हण, सोबतीला चला म्हण, तिथे पोचल्यावर डॉक्टरसमोरच्या खुर्चीत आधी त्यांना बसव. पुस्तकाचं काय व्हायचं ते होवो. मला या पत्रात एवढंच मागायचं होतं.

आणखी एक ता. क. पत्र टाकायला निघाले तेवढ्यात त्यांच्या ऑफिसातून पानं आली. प्रत्येक पानावर सही आहे. उंची तशीच ठेवली, 'भुस्' ठेवलं, पडणंही ठेवलं. एकच दुरुस्ती आहे. शेवटच्या चित्रात सकाळी गुबीमावशी सगळ्या लोकरवाडीला रात्रीची हकिकत सांगते असं मी लिहिलं होतं. ते त्यांनी लाल पेन्सिलीने खोडून बारीक अक्षरात लिहिलंय, 'मावशी हे कुणालाही सांगत नाही.' दुरुस्ती योग्य आहे. मी लगेच मान्य केली आणि काकडीला तसं चित्रही काढायला सांगितलं. पण तो नियम मेंढीला लागू आहे. डॉक्टरची वेळ उद्याचीच घे.