बावीस फुटांचा खोटेपणा

मी, ऑर्विल एमिल स्टेन्सरूड, वय एकोणऐंशी, आयुष्यभर लेथवर काम केलेला कारागीर, राहणार कॉटनवुड फ्लॅट, माँटाना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. रागात लिहीत आहे, हेही नमूद करतो. वकीलबाईंनी तो शब्द काढायला सांगितला होता. मी काढणार नाही. याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. घर, त्याखालची जमीन आणि बँकेतली शिल्लक माझी एकुलती एक मुलगी मारिट हिला मिळावी. ती स्पोकेनला राहते. उत्तरेकडचे छप्पर गळते. मी दोनदा डागडुजी केली, दोन्ही वेळा घाईत केली.

२. लेथ व त्यावरची सर्व हत्यारे पोस्टातल्या लोर्ना बेकस्टेड यांना द्यावीत. गावात त्यांच्याइतक्या सफाईदार हाताचे कोणी नाही. बारुदीचे डबे अग्निशामक दलाने न्यावेत. रायफल क्लबला यातले काहीही, काडतुसाची रिकामी पुंगळीसुद्धा, देऊ नये.

३. क्लबला का नाही, ते सांगतो. आमच्या क्लबात शेगडीजवळ एक फळा आहे. घरी भरलेल्या काडतुसाचा वेग यंत्रावर मोजला, की आपले कार्ड तिथे टाचायचे: गोळी कोणती, बारूद किती, वेग किती. त्या फळ्यावर माणसाची अब्रू टांगलेली असते. २००४ साली मी माझे कार्ड लावले, सेकंदाला २८१४ फूट. सेक्रेटरी हार्लन वुकोविच, माझा तीस वर्षांचा शिकारीचा सोबती, याने माझीच दहा काडतुसे माझ्याच रायफलीतून झाडली आणि त्याला सरासरी २७९२ मिळाली. त्याने कार्डावर लाल शाईने 'खोटे' लिहिले. मला न विचारता!

मी जाब विचारला तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला, "ऑर्विल, तुझ्या गोळ्या फक्त तू बघत असतानाच पळतात का रे?" लोक हसले. मी टोपी घेतली आणि निघालो. आज एकोणीस वर्षे झाली, मी त्याच्याशी बोललेलो नाही.

४. हार्लनला माझ्या तीन वह्या द्याव्यात. तीन हिवाळे मी एकाच डब्यातली बारूद, एकच रायफल आणि एकच यंत्र घेऊन बसलो. दस्ता खांद्यात घट्ट दाबून दहा गोळ्या. मग रायफल नुसती वाळूच्या पिशव्यांवर ठेवून, चापाला फक्त बोट लावून दहा. मोकळी रायफल मागे सरकते आणि गोळीचा थोडा वेग खाते. प्रत्येक वेळी वीस-बावीस फुटांचा फरक आला. हार्लन पिशव्यांवर ठेवून झाडत होता, कारण त्याला ते शास्त्रीय वाटत होते. माझा आकडा खरा होता, त्याचाही खरा होता. त्या मूर्खाने एकदा तरी विचारायचे होते की तू कशी धरतोस.

५. इथे माझी लेखणी अडली. हे कलम लिहायला मला चार दिवस लागले.

वह्या शोधताना १९९६ सालची एक वही हाती लागली. मारिट तेव्हा चोवीस वर्षांची होती. तिने वीस काडतुसे स्वतः भरली, स्वतः झाडली. वेग माझ्यापेक्षा चोवीस फूट कमी आला. मी म्हणालो, "बारूद कमी घातलीस. तुझं लक्ष नसतं." ती म्हणाली, "बाबा, प्रत्येक वेळी तराजू बघितलाय मी." मी तिच्या पुढ्यातला तराजू उचलून कपाटात ठेवला. त्यानंतर ती त्या टेबलापाशी बसली नाही, आणि पुढच्या वसंतात गाव सोडून गेली.

तिचा खांदा काळानिळा झाला होता. ती दस्ता सैल धरत होती. हे मला दिसत होते. हार्लनला निदान ठाऊक नव्हते. मी तर शेजारी उभा होतो. माझा राग आता कोणावर आहे ते वाचणाऱ्याने समजून घ्यावे.

रायफल आणि तराजू मारिटला मिळावेत. तिने बारूद अचूक तोलली होती.

६. हे कलम आज दुपारी वाढवले आहे. साक्षीदार म्हणून मी मुद्दाम हार्लनला बोलावले, त्याने माझ्यासमोर वाचावे म्हणून. त्याने वाचले, चष्मा पुसला, पुन्हा चौथे कलम वाचले. "बरोबर आहे तुझं," म्हणाला. मग पाचवे वाचले आणि ओरडला, "अरे गाढवा, हे पोरीला तू मेल्यावर कळणार? फोन लाव आत्ता!"

लावला. सगळे सांगितले. 

मारिट म्हणाली, "सत्तावीस वर्षं लागली तुम्हाला?"

मी हो म्हणालो.

"शनिवारी येते. बारूद मी तोलणार. तुम्ही तराजूला हात लावायचा नाही."

तरी तराजू तिच्या नावावर करणारे कलम तसेच ठेवावे.

वरील सर्व मजकूर माझा आहे आणि मला मान्य आहे.

ऑर्विल ई. स्टेन्सरूड (सही)

साक्षीदार: लोर्ना बेकस्टेड (सही)
साक्षीदार: हार्लन वुकोविच (सही). ते कार्ड मी फळ्यावर परत लावतो.

कॉटनवुड फ्लॅट, माँटाना. गुरुवार, १२ ऑक्टोबर २०२३