मेपलच्या रसावर येणाऱ्या पांढऱ्या पाखराबाबतची व्यवस्था

मी किनुयो हामादाते, वय एकोणऐंशी, टपाल कचेरीतून निवृत्त, राहणार तोकाची, होक्काइदो. डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. दडपण आणायला घरात कोणी उरलेलेच नाही.

१. घर, अंगण व अंगणातले मेपलचे झाड पुतणी चिसे हिला द्यावे. झाड तोडून मोटारीला जागा करावी असे तिच्या मनात आले, तर घर गावच्या वाचनालयाचे.

२. दिवंगत पती तेइजी यांचा कॅमेराही चिसेलाच. तेइजींनी तो हौसेने घेतला आणि माहितीपुस्तक अर्धे वाचून झाल्यावर ते वारले. पुढचे अर्धे मी वाचले.

३. हे कलम शेजारी राहणारे निवृत्त मुख्याध्यापक उइची साराशिना यांच्याविषयी आहे. फेब्रुवारीत मेपलची मोडकी फांदी पाझरते, रस गोठून बर्फाची सुई लोंबते आणि कापसाच्या बोळ्याएवढे, लांब शेपटीचे पांढरे पाखरू हवेत फडफडत ती चाटते. तो एक फोटो मिळावा म्हणून उणे वीस अंशांत, स्वयंपाकघराची खिडकी वीतभर उघडी ठेवून मी सहा हिवाळे बसले. सातव्या हिवाळ्यात साराशिना आपला कॅमेरा घेऊन आले.

"वहिनी, दहाच मिनिटं बसू द्या. माझ्या अंगणात नुसते कावळे येतात हो."

मी चहा ठेवायला वळले आणि मागे खटकन आवाज झाला.

तो फोटो गावाच्या दिनदर्शिकेवर झळकला. खाली छापले होते, 'माझ्या अंगणात, बर्फात चौदा तास उभे राहून.' उभे? गुडघ्यांवर माझी गोधडी होती आणि तोंडात मी केलेली तांदळाची गोड मोची!

मी विचारले, "मुख्याध्यापक, अंगण कुणाचं?"

"वहिनी, पाखरू काय कुणाच्या मालकीचं असतं?"

४. आता माझी कबुली. पुढे साराशिनांची नजर गेली. तरी हिवाळाभर रोज सकाळी काठी टेकत येतात, त्याच खिडकीशी बसतात आणि विचारतात, "आलं का हो?"

मी सांगते, "नाही आलं."

"बरं. उद्या बघू." चहा पिऊन जातात.

दोन हिवाळे हे चालले आहे. पाखरू समोर हातभर अंतरावर फडफडत असते. माझे एकशे बारा फोटो काढून झाले. त्यांच्या त्या एका फोटोची सर एकालाही नाही, म्हणून राग अजून आहेच.

५. माझ्यामागे चिसेने त्यांना रोज बसू द्यावे, आणि पाखरू आले तर 'आले' म्हणावे. जिवंतपणी माझ्याच्याने ते होणार नाही.

या लेखाने साराशिना यांना वस्तू म्हणून काहीही मिळत नाही. म्हणूनच ते साक्षीदार व्हायला पात्र आहेत. सर्व कलमे त्यांना मोठ्याने वाचून दाखवली आहेत.

स्थळ: माझे स्वयंपाकघर. तारीख: १८ फेब्रुवारी.
सही: किनुयो हामादाते

साक्षीदार: मासुए तोयोओका, पोस्टमन. (वाचून मी दाखवले. खालचा मजकूरही साराशिनांनी सांगितला तसा मीच लिहिला.)

साक्षीदार: उइची साराशिना. "सगळं ऐकलं. डोळे गेलेत, वहिनी, कान शाबूत आहेत. खिडकी उघडी असते. दोन्ही हिवाळे पाखराची चिरचिर मला रोज ऐकू येत होती."